चार तसूचा बुश

हत्तीण थांबली तेव्हा खुर्शीदा चुलीपुढं भाकरी भाजत होती. तव्यावरची भाकर तशीच राहिली.

नुसती थांबली म्हणून नाय. थांबायच्या आधी एक आवाज झाला होता, कट् करून, वाळकं हाड मोडावं तसा. तो तिनंबी ऐकला आन बाजेवर पडलेल्या तिच्या अब्बांनी, सगळ्यांच्या निजामचाचांनीबी ऐकला. सकाळपासून त्यांचे डोळे मिटलेले होते. ते उघडले.

"बुश गेला," ते म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं बोलणं.

हत्तीण म्हणजे खरीखुरी हत्तीण नव्हे. वाफेवर चालणारं, माती खोदायचं यंत्र. पोटात बंब, पाठीवर धुराडं, पुढं लोखंडाची लांब सोंड आन सोंडेच्या टोकाला दातांचा जबडा. एका घासाला गाडीभर मुरूम उचलायची. बारा साली बोटीतनं आली होती. तिला ओढायला चाळीस बैल लावले होते म्हणतात. आन आता साल होतं सदतीस. पंचवीस वर्षांत तिच्या बरोबरीची दोन यंत्रं गंजून मोडीत गेली, ही मात्र नाशिकच्या अंगाला जिथं जिथं पाट खोदला, तळं खोदलं, तिथं तिथं जाऊन माती खात राहिली. का, तर निजामचाचा. लोक सरळ म्हणायचे, हत्तीण लोखंडाची, पण तिचा जीव त्या मिस्त्रीच्या हाताला बांधलेला हाय.

आन नेमका तोच मिस्त्री आज बाजेवर पडलेला. पंचवीस वर्षांचा कोळशाचा धूर छातीत जाऊन बसला होता. डाक्टर येऊन बघून गेला आन बाहेर येऊन चाचांच्या बायकोला, ताहेराचाचींना, काय सांगायचं ते सांगून गेला.

मुक्काम नाशकापासून चार कोसांवर, नदीकाठच्या माळावर. पत्र्याच्या खोल्या, त्यातली एक चाचांची. खोलीपासून दोनशे पावलांवर हत्तीण उभी. पाटाचं काम सगळं झालेलं होतं. नदीचं पाणी बंधाऱ्यामागं येऊन तुंबलेलं, इकडं नवा पाट कोरडा ठाक, आन मधे एवढा एकच मुरमाचा बांध राहिलेला. तो हत्तिणीनं काठावर उभं राहून खायचा, की पाणी सुटलं. खालच्या चार गावांची माणसं सकाळपासून काठावर येऊन बसली होती. बायकांनी ओटीचं सामान आणलं होतं.

बुधा धावत आला. बुधा म्हणजे हत्तीण चालवणारा. अंगावर घाम, डोक्याचं मुंडासं हातात.

"चाचा, सोंडेच्या बुडाचा बुश फुटला. दोन तुकडे झाले बगा." बुश म्हणजे सोंडेची पिन ज्याच्यात फिरते ते ओतीव कडं.

त्याच्या मागनं खंडेराव ओव्हरशीर आले. साहेबाच्या वतीनं कामावर देखरेख त्यांची. माणूस वाईट नव्हता, पण तोंड कडू.

"मिस्त्री, मी तुम्हाला काय म्हणालो होतो? दिवस मावळायच्या आत बांध फुटला तर ठीक. नाय फुटला तर उद्या मुंबईला तार. तेलावर चालणारं नवं यंत्र आणू. हे धूड घणानं फोडायचं आन नाशिक रोडाला वॅगनीत भरून द्यायचं. साहेबानं लिहूनच दिलंय."

चाचांनी मान वळवली. त्यांनी खुर्शीदाकडं बघितलं. तिनं तवा उतरवला, चुलीतली लाकडं मागं ओढली आन कोपऱ्यातली लाकडी पेटी उघडली.

त्या पेटीत चाचांची सगळी जिंदगी होती. हत्तिणीचे सुटे भाग. एकेक भाग चरबी लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. विलायतेच्या कंपनीनं कधीच कळवलं होतं, हा नंबर आम्ही आता बनवत नाय. त्या दिवशी पहिल्या साहेबानं डोक्याला हात लावला होता. चाचा तेव्हा विशीतले, घण मारायला लागलेले. त्यांचे वडील त्र्यंबकच्या वाटेवर टांग्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, म्हणजे तापलेलं लोखंड किती फुगतं आन थंड झाल्यावर किती आवळतं हे त्या घरातल्या पोरालाबी माहीत. चाचांनी मोडका भाग उचलला, सागवानाचा तसाच फर्मा तासला आन तडक गेले नाशकात तांबट आळीत, नाथा तांबटाकडं.

"नाथाभाऊ, हे ओतून द्याल?"

"मी हंडे ठोकतो, मिस्त्री. हे काय देवाचं का दैत्याचं?"

"हत्तिणीचं."

"मग देवाचंच म्हना," नाथा म्हणाला आन मूस चुलाणात ठेवली.

पहिला बुश त्यांनी निव्वळ काशाचा ओतला. तासाभरात बशीसारखा फुटला. काशात कथील लय, म्हणून ते नाजूक. मग तांबं निम्मं घातलं, कासं निम्मं, आन तो बुश दोन वर्षं चालला. तेव्हापासून तेच माप. कासं कुठनं आणायचं? तर फुटकं कासं माणसं घरात ठेवत नाय. ताटाला तडा गेला की बायकांच्या जिवाला खुटखुट लागते. ती ताटं, त्या वाट्या चाचांकडं यायला लागल्या. लासलगावापासून बाया बाजाराच्या गाडीत ताट पाठवायच्या, 'हत्तिणीला द्या' म्हणून. लग्नात आलेली ताटं, बाळंतविड्यातल्या वाट्या, सगळं त्या यंत्रात गेलेलं. हत्तीण चालली की बाया एकमेकींना म्हणायच्या, "ते बग, माझं ताट जेवतंय."

तर त्या पेटीतनं खुर्शीदानं बुश काढला. दोन होते, एकाच मापाचे. बुधा घेऊन पळाला. चाचा कान देऊन पडून राहिले. ताहेराचाची उशाशी बसून त्यांना सुरईतलं पाणी चमच्यानं पाजत होत्या.

थोड्या वेळानं बुधा परत आला. बुश हातातच.

"बसत नाय चाचा. भोकात खडखडतो. डबीत चणा टाकावा तसा."

खंडेराव म्हणाले, "म्हणजे भोकच झिजलं. पंचवीस वर्षं झाली, झिजणार नाय तर काय. दुसरा बघ."

"दुसराबी त्याच मापाचा हाय."

"मग झालं," खंडेराव म्हणाले आन खिशातनं पेन्सिल काढली. तारेचा मजकूर लिहायला.

चाचांना हे ठाऊक होतं. दोन वर्षं ते बुशाला पत्र्याची पट्टी गुंडाळून भोकात ठोकत होते. भोक वाढत चाललेलं, पट्ट्या वाढत चाललेल्या, आता पट्टीनंबी निभणार नव्हतं. मोठा बुश ओतायचा म्हणत होते, आन मधेच अंथरूण धरलं. आता नाशकात जायचं, ओतायचं, थंड व्हायची वाट बघायची, यायचं. दोन दिवस गेले. दिवस तर एकच होता, आन तोबी कलायला लागलेला.

चाचांचे ओठ हलले. खुर्शीदानं कान खाली नेला.

"चार तसू," ते म्हणाले.

"काय म्हणतायत?" खंडेरावांनी विचारलं.

"चार तसू म्हणतायत."

खंडेराव पहिल्यांदा हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "बरळतायत. ती जुनी गोष्ट आठवली असंल. चार तसू मिस्त्री!"

ती गोष्ट मुक्कामावर सगळ्यांना पाठ होती. नऊ वर्षांमागं चाचा तापानं फणफणले होते आन नाशकात जायला जमेना. म्हणून त्यांनी गाडीवानाबरोबर नाथा तांबटाला निरोप धाडला. आतलं भोक नेमकं यावं म्हणून मोडक्या पिनेचा तुकडा नमुन्याला दिला, आन बाहेरच्या गोलाईचं माप तोंडी सांगितलं, चार. यंत्र विलायती, म्हणून चाचांच्या डोक्यात इंच. नाथा तांबटाच्या हातात बापजाद्यांचा गज, म्हणून त्याच्या डोक्यात तसू. आपल्या जुन्या गजाचे चोवीस तसू, आन एकेक तसू इंचापेक्षा एका सुतानं, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्यानं, मोठा. चार तसू म्हणजे साडेचार इंच झाले. बुश आला तो आतनं नेमका आन बाहेरनं अर्धा इंच जाडा. भोकात जायचं नाव नाय.

केवढं हसू झालं. साहेबानं चाचांना भर माळावर विचारलं, "मिस्त्री, इंच कळतो का?" तेव्हापासून कुणाला चाचांना डिवचायचं झालं की म्हणायचं, चार तसू. नाथा तांबट तर रडकुंडीला आला. म्हणाला, "द्या इकडं, वितळवून नीट करतो." पण चाचांनी दिला नाय. "माप चुकलं, माल चुकला नाय," म्हणाले, "भोक अजून लहान हाय. ठेवू." ताहेराचाचींनी दोनदा तो बाहेर फेकायला काढला. दोन्ही वेळा त्यांनी उचलून आत आणला.

"मग ठेवलाय कुठं तो?" बुधानं विचारलं. "पेटीत तर नाय."

खुर्शीदाची नजर उशाशी गेली. सुरईला बूड गोल, जमिनीवर ठरत नाय, तिला खाली बैठक लागते. नऊ वर्षं अम्मी सुरई एका पिवळट कड्यावर ठेवत होत्या. येता जाता सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. खुद्द खंडेराव त्या सुरईतलं पाणी प्यालेले.

"अम्मी, सुरई उचला."

ताहेराचाचींनी सुरई उचलून मांडीवर घेतली. खुर्शीदानं ओला बुश ओढणीला पुसला. चाचांनी तो बघितला आन डोळ्यांनीच जा म्हणाले. आन मग हळूच, "काजळ."

ते फक्त तिलाच कळलं.

ती बाहेर निघाली तसे खंडेराव आडवे आले. "तू कुठं? बाईमाणसाचं काम हाय का यंत्रावर?"

"ओव्हरशीर," बुधा म्हणाला, "तुमी चढता का मग सोंडेखाली? माप घ्या. मी घण धरतो."

खंडेराव बाजूला झाले.

खुर्शीदाचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला होता. चार वर्षं ती परत बापाकडं होती, आन त्या चार वर्षांत चाचांनी तिला रडत बसू दिलं नव्हतं. फर्मे तासायला बसवलं, चरबी लावायला बसवलं, मापं घ्यायला शिकवलं. चाचांची रीत अशी, की भोकाचं माप पट्टीनं घ्यायचं नाय. तुरीची वाळकी काडी घ्यायची, भोकात आडवी धरायची, अडेल तिथं मोडायची. तीच काडी मग बुशाला लावून बघायची.

तिनं काडी मोडली. आडवी बसली, उभी धरली तर थोडी सैल. म्हणजे भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालेलं. काडी बुशाला लावली. उभ्या अंगाला बरोबर. आडव्या अंगाला बुश सुतानं मोठा.

"जाईल," ती म्हणाली. "पण भोक घासायला लागंल."

"कुठनं घासायचं? डोळ्याला तर काय दिसत नाय," बुधा म्हणाला.

खुर्शीदानं कमरेची डबी काढली. घरी पाडलेलं काजळ होतं, तेलातलं. बोटानं ते बुशाला बाहेरनं सगळीकडं पातळ माखलं, बुश भोकाच्या तोंडाशी टेकवून दाबला आन काढला. भोकाच्या कडेला जिथं जिथं बुश अडत होता, तिथं तिथं काळं उमटलं.

"जिथं काळं, तिथं घासा. दुसरीकडं कानस लावू नका."

काठावरनं एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, हत्तिणीला काजळ घालतीय बगा! दृष्ट लागली व्हती का काय तिला?"

"लागली व्हती, आजी," बुधा कानस मारता मारता म्हणाला. "ओव्हरशीरांची!"

माणसं हसली. खंडेरावबी हसले, आन या खेपेला ते हसणं नीट होतं. त्यांनी कोट काढून मुरमावर टाकला आन दुसरी कानस उचलली.

घासायचं, काजळ लावायचं, दाबायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. चार वेळा झालं, सात वेळा झालं. आडव्या अंगाचं काळं कमी होत गेलं आन मग सगळ्या कडेला सारखं उमटलं, बांगडीसारखं. खुर्शीदाचे हात कोपरापर्यंत काळे.

"आता ठोका. लाकडी मोगरीनं. घणानं नाय."

तिकडं खोलीत ताहेराचाची सुरई मांडीवर घेऊन बसलेल्या, आन चाचा मोगरीचा आवाज ऐकत होते. बुश आत सरकत असतो तेव्हा आवाज भद्द येतो. पुरा बसला की आवाज बदलतो, घट्ट होतो. ताहेराचाचींना पंचवीस वर्षांत हे कधी कळलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना चाचांच्या चेहऱ्यावर कळलं.

"बसला," चाचा म्हणाले.

आन तेवढ्यात माळावर ओरड उठली, "बसला! बसला!"

बुधानं बंबातला विस्तव विझू दिलेला नव्हता. पिन घातली, वाफ सोडली. हत्तीण हलली. सोंड वर गेली. आधी ती वर जाताना कुरकुरायची, थरथरायची. आता गेली ती लोण्यातनं सुरी जावी तशी. दोन वर्षांत अशी गेली नव्हती. बुधानं शिट्टीची दोरी ओढली ती सोडीचना. चार गावांत ऐकू गेली असंल.

जबडा बांधावर पडला. एक घास. दोन घास. दिवस नदीपलीकडं टेकत होता. विसाव्या का बाविसाव्या घासाला बांध ओला दिसायला लागला, मग एक बारीक धार आली, मग धारेनंच बांध खाल्ला. पाणी पाटात शिरलं. धूळ पुढं पळत होती आन पाणी तिच्या मागं. माणसं पाटाच्या दोन्ही कडांनी पाण्याबरोबर पळाली. बायकांनी पाण्याची ओटी भरली, मग मागं फिरून हत्तिणीच्याबी चाकांवर तांदूळ टाकले. एकीनं नारळ फोडला तो थेट त्या बुशाखाली.

खुर्शीदा ते बघायला थांबली नाय. पळत घरी आली.

चाचा जागे होते. दार उघडं होतं, पाण्याचा आवाज आत येत होता.

"सोंड कुरकुरली का?" त्यांनी विचारलं.

"नाय अब्बा. जराबी नाय."

"चार तसू," ते म्हणाले आन हसले. असे हसले, की छातीतल्या धुराला विसरले. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला, तो बघितला आन म्हणाले, "काजळ पूस." आपल्याच अंगठ्यानं पुसायला लागले. पुसता पुसता अंगठा थांबला.

लांबनं मगरिबची अजान येत होती. हत्तिणीचा भपकारा चालूच होता.

दुसऱ्या दिवशी माती दिली. गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, देताना चाचांच्या अंगठ्याचं काळं निघंना. दोनदा साबण लावला. ताहेराचाची पडद्याआडनं म्हणाल्या, "राहू द्या. कामावरचं हाय ते." जनाज्याला खांदा द्यायला इतकी माणसं झाली, की कबरस्तानापर्यंत कुणाला दहा पावलांपेक्षा जास्त खांदा मिळाला नाय. खंडेराव अनवाणी चालले. आठवड्यानं ते खोलीवर आले, उंबऱ्यातच उभे राहिले आन म्हणाले, "तार केली नाय मी. साहेबाला लिहिलंय, हत्तीण चालती हाय, नवीन नको." मग खुर्शीदाच्या हातात कामावरच्या कोठाराची किल्ली ठेवली. "सुट्या भागांचं आता तू बघायचं. मिस्त्री म्हणून. कुणी काय बोललं तर मला सांग."

"बोलणारे तुम्हीच होते, ओव्हरशीर," ती म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो, मला सांग."

चाळिसावा दिवस व्हायच्या आधी एका सकाळी नाथा तांबट येऊन बसला होता. म्हातारा झालेला, पाणी पुढं ठेवलं तरी घेत नव्हता. सारखं एकच, "माझ्या चुकीपायी त्यानं नऊ वर्षं ऐकून घेतलं." ताहेराचाची त्याला समजावत होत्या. त्यांच्या मांडीवर सुरई. ती दिवसभर भिंतीला टेकवून ठेवायची, कुणी पाणी मागितलं की मांडीवर घ्यायची, असं चाललेलं.

तेवढ्यात दारात एक बाई आली. लांबच्या गावची, सगुणाबाई नाव सांगितलं. तिला काय कळलेलं नव्हतं. पदराखालनं फुटकं ताट काढलं.

"मिस्त्री हायेत का? हत्तिणीला आनलंय."

मग खुर्शीदा उठली, ताट घेतलं आन बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. तडा गेला होता तरी आवाज काशाचाच होता. "बसा मावशी," ती म्हणाली, "उन्हाचं आलात." आन ताट नाथा तांबटापुढं ठेवलं.

"नाथाकाका, याच्यात निम्मं तांबं घाला. दोन बुश लागतील."

नाथानं डोळे पुसले, कानामागची पेन्सिल काढली. "माप सांग. आन नीट सांग बाई, इंच का तसू."

"एक चार तसूचा, हत्तिणीला आता तेच माप," खुर्शीदा म्हणाली. "आन दुसराबी तसाच. सुरईला बैठक नाय."